मेणबत्ती, नाडी आणि सर्पगंधा

रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि चमचा मेणबत्तीवर धरायचा. लंडनच्या गायज हॉस्पिटलात १८२०च्या दशकात डॉ. रिचर्ड ब्राइट यांची ही नेहमीची तपासणी होती. समोरच्या खाटेवर अंगभर सूज आलेला माणूस असे. पाय टम्म, डोळ्यांखाली फुगवटा, चार पावलं चालला तरी धाप. चमच्यातल्या लघवीला उकळी येऊ लागली की ती गढूळ व्हायची आणि कधी कधी अंड्यातल्या पांढऱ्यासारखी थिजायची. शरीराने राखून ठेवायचं प्रथिन लघवीवाटे वाहून चाललं आहे, याची ती खूण. असा रुग्ण दगावला की ब्राइट शवविच्छेदन करत आणि मूत्रपिंडं हातात घेऊन पाहत. ती बऱ्याचदा आकसलेली, कडक, दाणेदार निघायची. १८२७ साली त्यांनी हे सगळं रंगीत चित्रांसह ग्रंथरूपाने छापलं. अंगावरची सूज, लघवीतलं प्रथिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड हे तिन्ही एकाच दुखण्याचे भाग आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे शंभर वर्षं या दुखण्याला ‘ब्राइट्स डिसीझ’ असंच म्हणत.

ब्राइट यांची नजर मूत्रपिंडापाशी थांबली नाही. १८३६ साली त्यांनी लघवीतून प्रथिन जाणाऱ्या शंभर रुग्णांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. यांतल्या बऱ्याच जणांची हृदयं मोठी झालेली होती, डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली होती, आणि बहुतेकांच्या झडपांत तर दोष नव्हता. काही जण सूज येऊन नव्हे, तर मेंदूत रक्तस्राव होऊन, अर्धं अंग लुळं पडून गेले होते. लघवीचा रोग आणि मेंदूतला रक्तस्राव एकाच माणसात का यावेत? ब्राइट यांनी दोन तर्क मांडले. एक म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसल्याने रक्त दूषित होत असेल आणि ते हृदयाला नको तेवढं चेतवत असेल. दुसरा म्हणजे ते रक्त शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून सहज पुढे सरकत नसेल आणि ते ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असेल. दुसऱ्या तर्कात आजचा ‘हाय बीपी’ जवळजवळ पुरता आलेला आहे. मात्र दाब मोजायचं साधन त्या काळी दवाखान्यात नव्हतं.

१८४२ साली ब्राइट यांनी गायजमध्ये आणखी एक पाऊल टाकलं, आणि माझ्या मते त्याची दखल त्यांच्या ग्रंथाइतकी घेतली जात नाही. पुरुषांचा एक आणि बायकांचा एक असे दोन वॉर्ड, मिळून बेचाळीस खाटा, त्यांनी फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी राखून घेतले. शेजारीच एक छोटी प्रयोगशाळा आणि डॉक्टरांना बसून चर्चा करायला खोली. रोज नोंदी ठेवायच्या, रक्त आणि लघवी तपासायची, सगळ्यांनी एकाच पद्धतीने पाहायचं. हा प्रयोग सहाच महिने चालला. पण रुग्णसेवा आणि संशोधन एका छपराखाली, एकाच रोगासाठी, आखणी करून चालवायची ही चाल तिथे पडली.

त्याच गायजमध्ये १८६९ साली फ्रेडरिक अकबर महोमेद हा वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. नावावरून अंदाज येतोच. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद मूळचे पाटण्याकडचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत वाढले, आयर्लंडला जाऊन तिथल्याच मुलीशी लग्न केलं, १७९४ साली इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं, १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढलं आणि ते बंद पडल्यावर ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेचं स्नान आणि चंपी-मालिश यांचा असा जम बसवला, की खुद्द इंग्लंडचा राजा गिऱ्हाईक झाला. आजोबा लोकांचं अंग रगडत, नातवाने लोकांची नाडी धरली.

नाडी हाताने पाहण्यावर तो समाधानी नव्हता. फ्रान्समध्ये मारे यांनी नाडीचा आलेख काढणारं एक यंत्र बनवलं होतं. मनगटावर पट्ट्याने बांधायचं, नाडीच्या ठोक्याबरोबर एक बारीक दांडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर तिच्या टोकाने पांढरी रेघ उमटायची. महोमेदने विद्यार्थिदशेतच त्यात सुधारणा केली. नाडीवर किती भार दिला आहे हे वाचता येईल असा स्क्रू आणि मोजपट्टी त्याने बसवली. आता नाडी ‘ताठ’ आहे की ‘मऊ’, हे निव्वळ वैद्याच्या बोटांवर अवलंबून राहिलं नाही. काजळीवरच्या या रेघा घेऊन तो वॉर्डावॉर्डातून फिरला. स्कार्लेट तापाच्या रुग्णांत मागाहून मूत्रपिंडं बिघडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महोमेदला दिसलं, की लघवीत प्रथिन यायच्या आधीच त्यांच्या नाडीवरचा ताण वाढलेला असतो.

१८७४ साली त्याने हे छापलं आणि पुढच्या काही वर्षांत एक पाऊल आणखी टाकलं. काही माणसांच्या लघवीत काहीच दोष नसतो, ती आपापली कामं करत हिंडत-फिरत असतात, पण त्यांचा दाब मात्र कायम चढलेला असतो. याच माणसांना पुढे हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मेंदूचा विकार गाठतो. आज दवाखान्यात डॉक्टर ‘त्रास काही नसला तरी गोळी बंद करू नका’ असं ज्याला सांगतात, त्या रुग्णाचं हे पहिलं नीट चित्र. ब्राइट यांनी मूत्रपिंडाकडून दाबाकडे पाहिलं होतं. महोमेदने क्रम फिरवला. दाब आधी असू शकतो, मूत्रपिंड त्याने मागाहून झिजू शकतं. १८८४ साली, पस्तिसाव्या वर्षी, महोमेद विषमज्वराने गेला. त्याने सांगितलेलं थोड्याच वर्षांत इतरांच्या नावावर गेलं, आणि त्याचं नाव पुस्तकांत परतायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

यंत्रं पुढे सुधारली. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणला, १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली, आणि वरचा आणि खालचा असे दोन आकडे हाती येऊ लागले. त्यांचा अर्थ सगळ्यात आधी उमगला तो विमा कंपन्यांना! दाब चढलेली माणसं लवकर मरतात आणि पैसे लवकर द्यावे लागतात, हे त्यांच्या वह्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच दिसू लागलं होतं. डॉक्टरमंडळी मात्र अडून बसली. धमन्या अरुंद झाल्यावर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोचावं म्हणून शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो उतरवाल तर अनर्थ कराल, असं बड्या बड्या हृदयतज्ज्ञांचं मत होतं. अमेरिकेतल्या पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ साली आपल्या पाठ्यपुस्तकात तशी शक्यता बोलून दाखवली. त्याच वर्षी इंग्लंडच्या जॉन हे यांनी तर असं सांगितलं, की दाब असलेल्या माणसाला खरा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला निघतो.

आज यावर हसू येतं. पण तेव्हा दाब उतरवायला हातात होतं तरी काय? ब्रोमाइडसारखी गुंगीची औषधं, विश्रांती आणि उपदेश. उपाय नसला की रोगालाच शहाणपण चिकटवायचं, ही वैद्यकातली जुनी खोड आहे.

१९३४ साली क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चांदीचा छोटा चाप लावून ती थोडी आवळली. कुत्र्याचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. ब्राइटही चूक नव्हते आणि महोमेदही चूक नव्हता. मूत्रपिंड दाब वाढवतं आणि वाढलेला दाब मूत्रपिंड झिजवतो. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं द्रव्य सुटतं आणि त्यातून धमन्या आवळणारं दुसरं द्रव्य तयार होतं, हे पुढच्या पाच-सहा वर्षांत इंडियानापोलिस आणि ब्वेनोस आयरेस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं.

प्रयोगशाळेत हे चाललं असताना जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान माणसावर काय उपचार चालले होते? मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रूएन या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासलं. रक्तदाब १८६/१०८, हृदय वाढलेलं, फुप्फुसांत पाणी. अध्यक्षांचे खासगी डॉक्टर कान-नाक-घशाचे. तोवर बाहेर सगळं ठीक असल्याचंच सांगितलं जात होतं. ब्रूएन यांनी डिजिटॅलिस दिलं, मीठ कमी केलं, सिगारेटी कमी करायला लावल्या. हृदयाचा त्रास हलका झाला, दाब मात्र चढतच गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे रूझवेल्ट एका चित्रकर्तीसमोर बसलेले असताना त्यांनी मान-डोक्यामागे प्रचंड दुखत असल्याचं सांगितलं आणि ते कोसळले. ब्रूएन यांनी पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा तीनशेच्या वर होता, खालचा १९०. दोन-अडीच तासांत सगळं संपलं. लोकांना सांगण्यात आलं, की हा झटका ध्यानीमनी नसताना आला. ब्रूएन यांनी आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या त्या १९७० साली, आणि ज्यांना आकडे वाचता येत होते त्यांना दिसलं, की झटका वर्षभर आधीपासून दारात उभा होता.

फेब्रुवारी १९४५ मधला याल्टाचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन शेजारी शेजारी बसलेत. तिघांचाही शेवट मेंदूच्या झटक्यानेच झाला. रूझवेल्ट दोन महिन्यांत, स्टालिन मार्च १९५३ मध्ये, चर्चिल जानेवारी १९६५ मध्ये. जगाची वाटणी करणाऱ्या तिघांपैकी कुणाच्याही डॉक्टरकडे त्या फोटोच्या वेळी दाबावर धड औषध नव्हतं.

तरी दोन-तीन वाटा चाचपडल्या जात होत्या. बॉस्टनमध्ये शल्यचिकित्सक पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या साखळ्याच कापून काढत. दाब उतरे, पण उठून उभं राहिलं की माणूस चक्कर येऊन पडे. दुसरी वाट नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात, जर्मनीतून आलेल्या वॉल्टर केम्पनर यांची. त्यांचं औषध म्हणजे भात! नुसता भात, फळं, फळांचा रस आणि साखर. मीठ नाही, वरण नाही, तूप नाही. दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि दीडशे मिलिग्रॅमहून कमी सोडियम. हेतू मूत्रपिंडाला विसावा देण्याचा. असं सांगतात, की १९४२ साली एका शेतकरी बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं होतं. त्यांच्या जर्मन हेलामुळे तिने दोन महिने ऐकलं आणि तेवढे दिवस इमानेइतबारे भात खाऊन परत आली. १९०/१२० दाबाची बाई १२४/८४ वर आली होती, डोळ्यांच्या पडद्यामागची सूज ओसरली होती. केम्पनर यांनी आधीचे आणि नंतरचे डोळ्यांचे, हृदयाच्या एक्स-रेचे फोटो सभांतून दाखवले तेव्हा लोकांनी ते खोटे असल्याची कुजबूज केली.

फोटो खरे होते. अडचण वेगळी होती. केम्पनर यांनी तुलनेला दुसरा गट ठेवलाच नाही. जे उपचाराने वाचतील त्यांना उपचारावाचून ठेवणं त्यांना पटत नव्हतं. माणूस म्हणून त्यांचं म्हणणं समजतं. पण त्यामुळे टिकलेले रुग्ण भातामुळे टिकले की मुळात चिवट होते, हे कुणाला छातीठोकपणे सांगता येईना. शिवाय बिनमिठाच्या भातावर माणूस किती महिने काढेल? आपल्याकडे आजारपणात चार दिवस मऊ भात खाणाऱ्यालाही पाचव्या दिवशी लोणच्याची आठवण येते.

तिसरी वाट मुंबईतून गेली.

सर्पगंधा ही हातभर उंचीची, पांढऱ्या-गुलाबी फुलांची वनस्पती. तिची मुळी आपल्याकडचे वैद्य शतकानुशतकं वापरत आले, झोप लागण्यासाठी, उन्मादासाठी, सर्पदंशावर. बिहारात ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर या मुळीचा उपयोग होत असल्याचं छापलं, पण ते भारतीय नियतकालिकात, आणि विलायतेत ते कोण वाचणार! १९३४ मध्ये हिमालया कंपनीने मुळीच्या गोळ्या ‘सर्पिना’ नावाने बाजारात आणल्या. डॉक्टर त्या लिहून देत होते, रुग्ण घेत होते, गुण येतो असं सगळे म्हणत होते. पण ‘गुण येतो’ यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयविकाराचे डॉक्टर होते. १९११ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ, विलायतेत शिकून परतलेले. त्यांनी ही मुळी वर्षानुवर्षं वापरून पाहिली आणि मग पन्नास रुग्ण निवडून त्यांचा दाब औषधाआधी आणि औषधानंतर शिस्तीने मोजला. १९४९ साली हा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. निबंधाने मोठे दावे केले नाहीत. दाब बहुतेकांचा उतरला, हळूहळू उतरला, रुग्ण शांत झाले, नाक चोंदण्यासारखे किरकोळ त्रास झाले, बस्स. पण मज्जातंतू कापणं किंवा जन्मभर भात खाणं यांपुढे ही रोज गिळायची साधी गोळी होती. आणि या खेपेला मजकूर अशा ठिकाणी छापला होता, जिथे बॉस्टनच्या डॉक्टरांची नजर पडणार होती.

बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स दाबावर काय वाट्टेल ते करून पाहणारे. मलेरियाचं एक औषधही त्यांनी आपला तरुण सहकारी एडवर्ड फ्राइस याच्याबरोबर दाबावर वापरून पाहिलं होतं. त्यांनी भारतातून सर्पगंधा मागवली, आपल्या रुग्णांना दिली आणि अमेरिकेला तिची ओळख करून दिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते रेसर्पिन. मुळीची भुकटी ग्रॅममध्ये द्यावी लागे, रेसर्पिन मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात पुरे होई. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. पैसा अर्थातच सीबाला.

इथे वकिलांच्या कामाची मर्यादाही सांगायला हवी. त्यांनी मोजला तो दाब. दाब उतरला म्हणून झटका टळला का, मूत्रपिंड वाचलं का, हे पन्नास रुग्ण आणि थोडे आठवडे एवढ्यावर कळणं शक्यच नव्हतं. विल्किन्सनाही ते कळलं नव्हतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस औषधं हाती आली होती. रेसर्पिन होतं, हायड्रॅलझिन होतं, १९५७-५८ मध्ये लघवीवाटे मीठ काढून टाकणारं क्लोरोथायझाइड आलं. पण व्हाइट आणि जॉन हे यांची जुनी शंका अजून जिवंत होती. आकडा खाली आणणं म्हणजे रुग्णाचं भलं करणं, हे सिद्ध कुणी केलं होतं?

ते काम एडवर्ड फ्राइस यांनी अंगावर घेतलं. तोवर ते वॉशिंग्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात होते. अमेरिकाभर पसरलेल्या या सरकारी रुग्णालयांचा एक मोठा फायदा होता. रुग्ण फुकट उपचारासाठी पुन्हा पुन्हा तिथेच येत आणि त्यांच्या नोंदी एका पद्धतीच्या असत. फ्राइस यांनी ५२३ पुरुष निवडले, पण निवडण्याआधी एक गाळणी लावली. प्रत्येकाला काही आठवडे नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या आणि त्यांत थोडं रायबोफ्लेविन, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व, मिसळलं. ते लघवीतून बाहेर पडतं आणि जांभळ्या-अतिनील दिव्याखाली पिवळसर चमकतं. तपासणीच्या दिवशी गोळ्या मोजायच्या आणि लघवी दिव्याखाली धरायची. गोळ्या खिडकीबाहेर टाकून ‘घेतो की साहेब’ म्हणणारा तिथल्या तिथे सापडायचा. त्याला अभ्यासात घ्यायचंच नाही. ही चलाखी मला फार आवडते. आपल्याकडे बीपीची गोळी ‘बरं वाटलं म्हणून सोडली’ असं सांगणारे एका ओपीडीत डझनाने भेटतात. त्यांना गृहीत धरूनच फ्राइस यांनी आखणी केली होती.

उरलेल्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एकाला खरी औषधं, हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि रेसर्पिन. दुसऱ्याला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय, हे रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. रेसर्पिनचा डोस एका गोळीत मिलिग्रॅमचा दहावा भाग, दिवसातून दोनदा. वकिलांच्या वॉर्डातली मुळी आता या रूपात, अमेरिकेच्या फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांच्या पोटात जात होती.

आधी निकाल लागला तो सगळ्यात जास्त दाबाच्या गटाचा. १४३ पुरुष, खालचा आकडा ११५ ते १२९. पोकळ गोळ्यांवरच्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर आघात झाले, चौघे दगावले. औषधावरच्या ७३ जणांत आघात दोघांना, मृत्यू एकही नाही. फरक एवढा ढळढळीत होता, की या गटाचा अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. पोकळ गोळी देत राहणं आता पाप झालं असतं. १९६७ साली हे छापलं गेलं, आणि व्हाइट-हे यांची शंका निदान या रुग्णांपुरती निकालात निघाली.

राहिले ३८०, खालचा आकडा ९० ते ११४. ‘मध्यम’ दाबाचे, म्हणजे डॉक्टर ज्यांना तेव्हा ‘जरा सांभाळून राहा’ म्हणून घरी पाठवत, ते. त्यांचा निकाल १९७० साली आला. पोकळ गोळ्यांवर मेंदूचा झटका २० जणांना, औषधावर ५ जणांना. हृदय निकामी होऊन धाप लागणारे ११, औषधावर एकही नाही. पाच वर्षांत काही ना काही गंभीर घडण्याची शक्यता ५५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली होती. शरीर शहाणपणाने दाब वाढवतं आणि तो उतरवला तर मेंदू उपाशी राहील, असं चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं गेलं होतं. घडलं अगदी उलटं.

या अभ्यासातली एक उणीव डोळ्यांत खुपते. बाई एकही नव्हती. माजी सैनिकांची रुग्णालयं, तेव्हा सगळे पुरुष. बायकांनाही तोच फायदा होतो, हे वेगळ्या, आणखी मोठ्या अभ्यासांतून दाखवावं लागलं. तरी १९७१ चा लास्कर पुरस्कार फ्राइस यांना मिळाला, १९७२ मध्ये अमेरिकन सरकारने गावोगाव दाब मोजण्याची राष्ट्रीय मोहीम काढली, आणि ‘दाब असला तर असू द्या’ म्हणणारा डॉक्टर हळूहळू दुर्मीळ झाला.

मूत्रपिंडाचं कोडं मात्र इतक्या झटपट सुटलं नाही. मेंदूचा झटका एका दिवशी येतो, त्याची तारीख लिहिता येते. मूत्रपिंड वर्षानुवर्षं गुपचूप झिजतं, त्यामुळे दोन-चार वर्षांच्या अभ्यासात ते पकडीत येत नाही. त्याचं उत्तर आलं ते गोल्डब्लाट यांच्या चापाच्या वाटेने. मूत्रपिंडातल्या रेनिनपासून सुरू होणारी साखळी तोडणारं औषध हवं होतं, आणि त्याचा धागा सापडला ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात. सर्पगंधेत साप फक्त नावात होता, इथे तो खराच निघाला. ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा ते विष घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत पोचले, पुढे अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्यावरून कॅप्टोप्रिल घडवलं. १९९३ साली मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या ४०९ रुग्णांवरचा निकाल आला. दोन्ही गटांचा दाब जवळपास सारखाच आटोक्यात ठेवलेला होता. तरी मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन दुप्पट झालेले पोकळ गोळीवर ४३ निघाले आणि कॅप्टोप्रिलवर २५. मूत्रपिंड वाचवायला नुसता आकडा उतरवून भागत नाही, कोणत्या औषधाने उतरवला यालाही महत्त्व आहे, हे तेव्हा कळलं.

रेसर्पिनचं पुढे काय झालं? त्याने काही जणांना खिन्नता येते, हे आधीच लक्षात आलं होतं, विशेषतः डोस मोठा असेल तर. मग १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एकाच वेळी तीन अभ्यास छापून आले, ज्यांत रेसर्पिन घेणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग जास्त होतो असं म्हटलं होतं. रुस्तम वकील त्याच वर्षी वारले. कर्करोगाची एवढी बातमी पुरेशी होती. स्वस्त औषध, बाजूने बोलायला कंपनी नाही. डॉक्टरांनी ते लिहिणंच सोडलं. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. मुळातल्या अभ्यासात चूक कुठे होती, तेही नंतर उलगडून दाखवलं गेलं. तुलनेसाठी निवडलेल्या बायकांतून हृदयविकार असलेल्यांना वगळलं होतं, आणि रेसर्पिन तर नेमक्या त्याच बायका घेत असतात. साहजिकच तुलनेच्या गटात रेसर्पिन कमी दिसलं आणि कर्करोगाच्या गटात जास्त. म्हणजे ज्या औषधाची किंमत नीट तुलना केल्यामुळे ठरली, ते औषध वाईट तुलनेने बाजाराबाहेर ढकललं.

पूर्ण बाहेर मात्र नाही. १९९१ साली अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ माणसांवरचा एक अभ्यास पुरा झाला. या वयात अनेकांचा फक्त वरचा आकडा चढलेला असतो, आणि ‘वय झालं की एवढा असायचाच’ असं डॉक्टरही म्हणत. पाच वर्षांत पोकळ गोळीवर शंभरातल्या आठांहून थोड्या जास्त जणांना मेंदूचा झटका आला, औषधावर पाचांहून थोड्या जास्त जणांना. पहिलं औषध क्लोर्थॅलिडोन, ते पुरलं नाही तर अटेनोलॉल, आणि अटेनोलॉल चालत नसेल त्या रुग्णाला रेसर्पिन, मिलिग्रॅमचा विसावा भाग, फ्राइस यांच्या गोळीच्याही निम्मा.